तीसच्या तीस रोजे

त्या रमजानमध्ये निलोफरने तीसच्या तीस रोजे धरले, आणि कासारवाडीतल्या एकाही बाईला त्यात काही खटकलं नाही. उलट ईदनंतरच्या रविवारी मोहल्ल्यातल्या बायकांनी तिचा सत्कार केला. दहावीची बोर्डाची परीक्षा, मार्च-एप्रिलचं रखरखीत ऊन, आणि सोळा वर्षांच्या पोरीने एकही रोजा सोडला नाही म्हणून तिला एक शाल आणि सहा ताटांचा स्टीलचा सेट मिळाला. उपाशी राहण्याबद्दल ताटं बक्षीस द्यायची कल्पना कुणाची ते कळलं नाही, पण टाळ्या जोरात पडल्या. सगळ्यात जोरात निलोफरच्या आईच्या, जमिलाच्या.

आता जरा स्पष्टच बोलू, कारण न बोलण्यानेच पुढचं सगळं झालं. पाळीच्या दिवसांत बाईने रोजा धरायचा नसतो. ते रोजे राहतात आणि नंतर वर्षभरात सवडीने भरून काढायचे असतात. त्याला कजा म्हणतात. हा नियम मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ. म्हणजे वयात आलेल्या मुलीचे चार-पाच रोजे राहायलाच हवेत. पण घरातल्या पुरुषांसमोर ही गोष्ट कबूल करायची रीत नाही. त्यामुळे त्या दिवसांतही बाई पहाटे सगळ्यांबरोबर सहरीच्या जेवणाला उठते, दिवसभर ओठ कोरडे ठेवते, गॅसपाशी उभ्याउभ्या चपातीचा तुकडा गिळते आणि कुणाची चाहूल लागली की तोंड पुसून म्हणते, आज फारच तहान लागलीय बाई. जमिलाने स्वतः वीस वर्षं हे नाटक बिनचूक केलं होतं. आपली लेकही तेच करत असणार, असं ती धरून चालली. लाजरी आहे पोरगी, चोरून खात असेल. कधी खाते, काय खाते, हे बघायची तसदी तेवढी तिने घेतली नाही.

तशी जमिला डोळस बाई. ती घरीच बायकांचे कपडे शिवायची, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप न लावता कंबर सांगायची. तिची स्वतःची मुलगी मात्र दीड वर्षात तिच्या डोळ्यांदेखत चोपन्न किलोंवरून अडतिसावर आली. त्यावर जमिलाने काय केलं, तर दर दोन महिन्यांनी तिचे कुर्ते आत घेतले. ईदचा शरारा तर शेवटच्या आठवड्यात दोनदा आत घ्यावा लागला. पोरीला आता काहीही घाला, शोभतंच, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि निलोफरला मॉडेलसारखं उभं करून फिटिंग दाखवायची.

या सगळ्याची सुरुवात एका लग्नात झाली होती. जमिलाची नणंद रुक्साना, म्हणजे घरातल्यांची रुक्सानाआपा, निगडीला प्राधिकरणात राहायची. सासर-माहेर दोन्ही चाकणच्या बाजूचं, पण निगडीत बंगला झाल्यापासून आपांच्या बोलण्यातलं ‘न्हाई’ जाऊन ‘नाही’ आलं होतं, आणि जगाला सल्ला देण्याचा हक्कही त्याबरोबर आला होता. भर मांडवात निलोफरचा गाल चिमटीत धरून त्या म्हणाल्या, की पोरगी गोड आहे, पण हिला वेळीच आवरा, नाहीतर मुलाकडच्यांना मुलगी कुठली आणि मुलीची आई कुठली ते सांगावं लागेल. मांडव हसला. जमिला हसली. निलोफरही हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने भात सोडला.

भातामागे साखर गेली, साखरेमागे तेल, तेलामागे रात्रीची चपाती. शाळेत जाताना डबा मात्र ती न चुकता घ्यायची. कासारवाडी स्टेशनजवळचं एक तांबडं कुत्रं त्या वर्षी चांगलंच बाळसं धरून होतं, आणि त्याचं श्रेय जमिलाच्या हातच्या पराठ्यांना होतं हे जमिलाला फार उशिरा कळलं. वजन उतरू लागलं तशी निलोफरची किंमत वाढू लागली. ज्या आपांनी गाल ओढला होता, त्यांनीच पुढच्या भेटीत तिला बांगड्या दिल्या आणि आपल्या दोन्ही सुनांना सांगितलं, हिच्याकडून शिका. पोरीला गणितात कधी पस्तिसाच्या वर जाता आलं नव्हतं. या विषयात ती घराण्यात पहिली आली होती.

चूक ओळखणारी एकच बाई निघाली, ती शेजारच्या चतुराबाई. एका दवाखान्यात तीस वर्षं आयाचं काम करून निवृत्त झालेल्या. त्यांनी एकदा जिन्यात जमिलाला थांबवून सांगितलं, की पोरीच्या हातावर बारीक लव आलीय, केस गळतायत, ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून बसते, हे लक्षण बरं नाही, डॉक्टरला दाखव. जमिलाला राग आला. लोकांना कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही, असं म्हणत तिने त्याच संध्याकाळी निलोफरवरून मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. ठसका लागला नाही. म्हणजे नजर लागलीच होती, हे सिद्ध झालं. निदान करणाऱ्या बाईचाच बंदोबस्त झाल्यावर आजाराला रान मोकळं मिळालं.

ईद झाली तरी निलोफरचे रोजे संपेनात. आधी ईदनंतरचे सहा झाले, ते पुण्याचेच असतात, कोण नको म्हणणार. मग सोमवार-गुरुवारचे सुरू झाले. मे महिन्यात जमिलाने जरा कुरकुर केली, तेव्हा निलोफर मान खाली घालून हळूच म्हणाली, कजाचे धरतेय. जमिलाला अगदी हायसं वाटलं. म्हणजे आपण म्हणत होतो तसंच, त्या दिवसांत पोरगी चोरून खात होती आणि आता प्रामाणिकपणे भरून काढतेय. आईने मनातल्या मनात रचलेली गोष्ट लेकीने आयती उचलली आणि तिच्याच हातात ठेवली. एवढी हुशारी परीक्षेत दिसली असती तर बरं झालं असतं.

पहाटे ती फिरायला म्हणून जायची ती स्टेशनच्या पुलावर. तिथे फिरणं नव्हतं. पुलाच्या पायऱ्या ती चाळीस वेळा चढायची आणि चाळीस वेळा उतरायची. महिनाभर तिची डावी नडगी दुखत होती. जमिलाने मोहरीचं तेल लावलं, ओवा घालून शेकलं. निलोफरचा बाप कादर नाशिक फाट्याजवळ ट्रकच्या पाट्यांचं काम करायचा. पाटे म्हणजे चाकावरचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या. चाकणहून दुप्पट माल भरून येणाऱ्या गाड्यांचे तुटलेले पाटे बदलण्यात त्याची उभी हयात गेली होती. त्याने आपल्या शास्त्राप्रमाणे निकाल दिला, की लोडच न्हाई तर पाटा तुटंल कसा, दुखतंय ते नसांमुळं. घरात दोन तज्ज्ञ होते, एक कापडातला आणि एक लोखंडातला. हाडामांसाचं बघायला कुणी नव्हतं.

जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशाचे कागद घेऊन मायलेकी निगडीला निघाल्या. टर्मिनसला बसमधून उतरताना निलोफरने डावा पाय खाली ठेवला आणि ती तिथेच बसली. पडली नाही, घसरली नाही, कुणाचा धक्का लागला नाही. नुसती बसली आणि उठेना. जवळच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. नडगीच्या हाडाला बारीक तडा होता, आणि त्याच्या खाली आणखी एक जुना, आपोआप भरत आलेला. कुठे पडलीस, असं डॉक्टरांनी तीन वेळा विचारलं. मग त्यांनी पायाला प्लास्टर घातलं आणि चिठ्ठी देऊन दोघींना डॉ. आम्रपाली सोनवण्यांकडे पाठवलं. या बाई वाढत्या वयातल्या मुलींची तब्येत बघायच्या.

डॉ. आम्रपालींनी आधी वजन केलं, उंची घेतली, नाडी बघितली, मग बैस म्हणाल्या आणि पाळीचं विचारलं. उत्तर जमिलाने दिलं. नियमित आहे मॅडम, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. डॉक्टरांनी ते लिहिलं नाही. त्या निलोफरकडे बघत राहिल्या.

“शेवटची कधी आली होती?”

निलोफरने प्लास्टरकडे बघत सांगितलं, “गेल्या गणपतीच्या सुट्टीत.”

गणपती सप्टेंबरात होते. आता जून चालू होता. जमिला बोटांवर महिने मोजू लागली आणि नऊवर येऊन थांबली. त्या नऊ महिन्यांच्या मधोमध रमजान होता. तीसच्या तीस. पोरीने नाटक केलं नव्हतं, काही चोरून खाल्लं नव्हतं, लपवायला पाळीच उरली नव्हती. मोहल्ल्याने टाळ्या वाजवल्या त्या याला वाजवल्या होत्या, आणि सगळ्यात मोठा आवाज आपल्या हातांचा होता. जमिलाला त्या खोलीत इतकी लाज वाटली की ओढणी डोक्यावरून पुढे ओढून ती भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत बसली.

मग हाडांची घनता मोजायची तपासणी झाली. वीस मिनिटं यंत्राखाली निजायचं, दुखत नाही, खुपत नाही. रिपोर्टात कण्यासमोर आकडा होता उणे दोन पूर्णांक सहा. कादरला उणे आकडा म्हणजे काय ते समजेना. डॉक्टरांनी त्याला समजेल असं सांगितलं, की हिच्या वयाच्या मुलींची हाडं जितकी भरलेली असतात त्यापेक्षा हिची फारच कमी भरली आहेत. हाडं भरायची ती याच वर्षांत, अकरा-बारापासून विशीपर्यंत. अन्न कमी पडलं की शरीर आधी पाळी बंद करतं, आणि पाळी आणणारं जे द्रव्य असतं तेच हाडंही राखत असतं. म्हणजे इकडून भरणी बंद आणि तिकडून झीज सुरू. कॅल्शियमच्या गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी हे होणार नाही. पोटभर जेवण, वजन वाढणं, पाळी परत येणं, हेच औषध. पायऱ्या बंद, उड्या बंद. रोजेही बंद, मी सांगेपर्यंत.

कादरने विचारलं, “मग समदं पयल्यासारखं व्हईल ना?”

“बरंचसं होईल,” डॉक्टर म्हणाल्या. “सगळं होईल असं मी सांगणार नाही. जितका उशीर तितकं कमी.”

आणखी एक गोष्ट त्यांनी जमिलाला बाजूला घेऊन सांगितली. हा हट्ट नाही आणि फॅशनही नाही, आजार आहे. ताट समोर आलं की हिला खरोखर भीती वाटते, तुम्हाला साप बघून वाटेल तशी. तिला रागावून उपयोग नाही आणि सोडून देऊनही नाही. दर आठवड्याला समुपदेशकाकडे आणा, आणि दिवसातून सहा वेळा खायला देऊन तिच्यासमोर बसा.

रोज्यांसाठी शाल देणाऱ्या जगाला हे कळवायचं कसं, हा प्रश्न रुक्सानाआपांनी चुटकीसरशी सोडवला. त्या मोटारीतून आल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, की हाडांचं नाव कुणापुढे काढायचं नाही, उद्या स्थळं येणार आहेत, पोरगी बाथरूममध्ये घसरली म्हणून सांगा. त्याप्रमाणे निलोफर मोहल्लाभर बाथरूममध्ये घसरली. ज्या बायका भेटायला आल्या त्यांनी कुठली फरशी, कुठला साबण याची बारकाईने चौकशी केली आणि आपापल्या घरात रबरी चटया टाकल्या. तेवढा तरी समाजाचा फायदा झाला.

त्यानंतर औषधांचा पूर आला. हाड मोडलं की हाडच खायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपांनी दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, पाया पाठवायला सुरुवात केली. बोकडाचे चार पाय रात्रभर शिजवून काढलेला तो रस्सा, वर बोटभर तूप तरंगणारा. कुणी डिंकाचे लाडू दिले, कुणी खारीक पूड. पाठवणारे विसरले इतकंच, की पोरीला खाण्याचीच भीती वाटत होती. पायाचा डबा उघडला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते कृतज्ञतेचं आहे असं समजून आपा पुढच्या जुम्म्याला दोन डबे पाठवायच्या. पाया बहुतेक वेळा कादर खायचा. त्या पावसाळ्यात त्याचे गुडघे फार सुधारले.

निलोफरची गाडी मात्र इंचाइंचाने चालली. एक चपाती संपायला पाऊण तास. जमिला मशीन बंद करून समोर बसायची. निलोफर चपातीचे तुकडे करायची, तुकड्यांचे तुकडे करायची, मांडीखाली सरकवायची. जमिला ते काढून परत ताटात ठेवायची. कधी पोरगी ओरडायची, मला फुगवून मारायचंय का तुम्हाला. कधी जमिलाचा हात उठायचा आणि हवेतच थांबायचा. एकदा निलोफर वजनाला जायच्या आधी लिटरभर पाणी पिऊन गेली, आणि डॉक्टरांच्या यंत्राने एक किलो वाढलं म्हणून जमिलाने पेढे वाटले. दुसऱ्या आठवड्यात तो किलो गेला. पेढे वाटून झालेच होते.

प्लास्टर निघालं तरी हे असंच चाललं. तरीही डिसेंबरात काटा एक्केचाळिसावर आला. जानेवारीत बेचाळीस. चतुराबाईंनी जिन्यात निलोफरला बघितलं आणि नुसती मान हलवली. जमिलाने त्या दिवशी त्यांच्याकडे मेथीची भाजी नेऊन दिली आणि दारातच सांगितलं, की तुमचं ऐकायला पाहिजे होतं, माझं चुकलं. चतुराबाईंनी वाटी घेतली आणि मीठ जास्त झालंय म्हणाल्या.

पाळी अजून आली नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, आणखी चार-पाच किलो, घाबरू नका, आणि आता मागे जाऊ देऊ नका. नेमका तेव्हाच रमजान जवळ आला.

निलोफरचा चेहरा उजळला. पोरगी कितीतरी महिन्यांनी आपणहून बोलू लागली. अम्मी, यंदा खजूर जरा चांगला आण. अम्मी, सहरीला मीच उठवीन सगळ्यांना. कादरला भरून आलं, लेक पहिल्यासारखी झाली म्हणून. जमिलाला मात्र घाम फुटला. आठ महिने समोर बसून तिला एवढं कळलं होतं, की पोरीच्या तोंडून बोलणारा कधी कधी दुसराच असतो, आणि तो फार गोड बोलतो. त्याला आता तीस दिवसांची सुट्टी हवी होती, आणि ती त्याला साऱ्या मोहल्ल्याच्या कौतुकासकट मिळणार होती.

रोजा नाही, असं जमिलाने सांगितलं आणि घरात वादळ उठलं. निलोफर रडली. आपा निगडीहून आल्या. गेल्या वर्षी जिचा सत्कार केला तीच यंदा दिवसाढवळ्या जेवणार, लोक काय म्हणतील, असं त्यांनी विचारलं. एखाद-दुसरा सोडू दे, पण पहिला, सत्ताविसावा असे मोठे-मोठे तरी धरू दे, अशी तडजोडही सुचवली. कादर दोघींच्या मधे उभा राहून कान खाजवू लागला, आणि शेवटी मशिदीत जाऊन इमामसाहेबांना विचारून आला. इमामसाहेबांना दोन मिनिटं लागली. डॉक्टर नको म्हणते ना, मग धरायचा नाही, बरी झाल्यावर बघू, अल्लाहने आजाऱ्याला सूट दिली आहे आणि ती नाकारणारे आपण कोण. एवढं बोलून ते नमाजाआधीचे हातपाय धुवायला, वजूला गेले. अल्लाहकडून परवानगी मिळाली. राहिल्या आपा. त्यांना हे काही पटलं नाही, आणि त्या चहा न घेता गेल्या.

पहिला रोजा रविवारी आला. पहाटे घर उठलं, निलोफरला जमिलाने निजू दिलं. दुपारी एक वाजता कादर दुकानात होता, मोहल्ला गप्पगार होता, कुठल्याही घरातून फोडणीचा वास येत नव्हता. जमिलाच्या गॅसवर मात्र डाळ उकळत होती. तिचा स्वतःचा घसा सुकला होता. तिने दोन गरम चपात्या केल्या, बटाट्याची भाजी, डाळ, वाटीभर दही असं ताट वाढलं आणि निलोफरसमोर ठेवलं.

निलोफरने ताट बोटाने मागे सरकवलं.

“सगळे उपाशी आहेत, अम्मी. तू उपाशी आहेस. तुझ्यासमोर मी गिळू कसं?”

किती चांगलं बोलली. कुणी ऐकलं असतं तर डोळे पुसले असते. जमिलाने तिला आठवण दिली, डॉक्टर काय म्हणाल्या, इमामसाहेब काय म्हणाले. निलोफरने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग तिला जे म्हणायचं होतं ते म्हणाली.

“तू खाल्लंस तर मी खाते.”

आणि ती शांत बसली. डाव जिंकल्यावर माणूस बसतं तशी. कारण अम्मीला ती चांगली ओळखून होती. वयाच्या बाराव्या वर्षापासून, ते दिवस आणि बाळंतपण सोडलं तर, जमिलाने एकही रोजा मोडला नव्हता. एकदा एकशे दोन ताप होता तेव्हाही नाही. आणि जाणूनबुजून मोडलेल्या एका रोज्याची भरपाई म्हणून लागोपाठ साठ रोजे धरावे लागतात, पाळीशिवाय मधे खंड पडला की परत पहिल्यापासून, हे जमिलानेच तिला लहानपणी शिकवलं होतं.

जमिला ताटाकडे बघत राहिली. तिला भीती वाटली, ते खोटं कशाला सांगायचं. कादर काय म्हणेल याची वाटली, आपांची वाटली, आणि सगळ्यात जास्त ज्याच्यासाठी रोजा धरला होता त्याची वाटली. मग तिच्या डोळ्यांसमोर तो उणे आकडा आला. दोन पूर्णांक सहा. तीस दिवसांनी तो किती झाला असता, हे तिला मोजता येत नव्हतं. तिने मनात म्हटलं, या अल्लाह, तू बघतोयस, माझ्यावर जे लावायचं ते लाव. तिने चपातीचा तुकडा तोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला.

निलोफरचे डोळे मोठे झाले. आधी तिला खरंच वाटेना.

“अम्मी, हे काय केलंस? साठ धरावे लागतील तुला.”

“धरीन,” जमिला घास चावत म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरत होतं आणि ती ते पुसत नव्हती. “मला पुढं भरपूर वर्षं आहेत. माझे साठ कधीही धरता येतील. तुझी हाडं भरायची वर्षं हीच आहेत. ती कुठून आणून देऊ मी तुला? खा.”

निलोफर मोठ्याने रडू लागली. तू असं करायला नको होतंस, मी मुद्दाम म्हटलं होतं, तू करणार नाहीस म्हणून म्हटलं होतं, असं ती हुंदके देत म्हणत राहिली. जमिलाला ते माहीत होतं. तिने दुसरा घास घेतला, मग तिसरा. कोरड्या घशातून ते धड उतरत नव्हते, वर पाणी प्यावं लागलं.

बऱ्याच वेळाने निलोफरने ताट पुढे ओढलं. तिने तुकडा तोडला आणि त्याचे आणखी तुकडे केले नाहीत. तोंडात घालून डोळे मिटले, खूप वेळ चावला, गिळला. तिच्या कपाळावर घाम आला होता. डाळ निवून तिच्यावर साय धरली. उरलेली दीड चपाती संपायला तास लागला. मांडीखाली काही गेलं नाही. दह्याची वाटी राहिली, ती जमिलाने पुढे सरकवली, आणि निलोफरने चार चमचे खाल्ले.

मग जमिला ताट उचलायला वाकली. संध्याकाळी कादरला हे सांगायचं होतं. इमामसाहेबांनाही विचारायचं होतं, आजच्याचं काय आणि उद्यापासून काय. आपांना कुणी ना कुणी सांगणारच होतं. सगळं मनात चालू असताना तिने सवयीने विचारलं, उद्या काय करू?

निलोफर प्लास्टर निघालेल्या नडगीवरून हात फिरवत होती. तिचा चेहरा अजून घाबरलेलाच होता.

“वांगी कर,” ती म्हणाली. “पण उद्या तू खाऊ नकोस, अम्मी. तू नुसती समोर बस. मी खाईन.”

जमिलाने मान हलवली आणि ताट मोरीत नेऊन ठेवलं.